भाव, पोपट आणि ब्लॉक

कोल्हापुरात मित्र 'भावा' नाहीतर 'मर्दा' असतो. नागपुरात 'काय बे' म्हटले की तो वळून बघतो. मुंबईत तो 'भिडू', म्हणजे मुळात खेळातला आपल्या बाजूचा गडी. पुण्यात 'काय राव', आणि जळगावकडे वाक्याच्या शेवटी 'भो' आला की समोरच्याने आपल्याला जवळचे मानले असे खुशाल समजावे. जुन्या पिढीकडे याखेरीज 'जिवश्चकंठश्च' होता, गोकुळातून आलेला 'सवंगडी' होता, फारसीने दिलेले 'दोस्त' आणि 'यार' होते, आणि दोघांनी उघडेवाघडे बालपण एकत्र काढल्याची साक्ष देणारा 'लंगोटीयार' होता. मैत्रीच्या शब्दांची मराठीला कधी ददात पडली नाही.

नकाराच्या शब्दांचीही पडलेली नाही. पोपट झाला, पत्ता कट झाला, विकेट पडली, डच्चू मिळाला, नारळ मिळाला, ती भाव देत नाही, तिने लटकवले, तिने सीन करून सोडले, तिने ब्लॉक मारला. ओळख होण्यापासून 'नाही' ऐकण्यापर्यंतच्या वाटेवर मराठी तरुण-तरुणी जे बोलतात आणि आता जे टाइप करतात, ते या शब्दसंग्रहात एकत्र केले आहे.

शब्द जमवले की ते लावावे लागतात, आणि लावताना प्रत्येकाला एक प्रश्न विचारावा लागतो: हे म्हणतो कोण? या प्रश्नाने जे उघडे पडले, त्याबद्दल ही प्रस्तावना आहे. नकाराचे जवळपास सगळे शब्द नकार ऐकणाऱ्याने घडवलेले आहेत. नकार देणाऱ्याची बोली शोधायला गेले की हाताला फार थोडे लागते. ऐकणारा बहुतेकदा मुलगा आणि देणारी बहुतेकदा मुलगी, त्यामुळे हा प्रश्न नुसत्या शब्दांपुरता राहत नाही.

सुरुवात मात्र समसमान असते. मराठी मुलांना नकाराचा पहिला शब्द मिळतो तो 'कट्टी'. बोटांची खूण करायची, तोंडाने 'कट्टी' म्हणायचे आणि पाठ फिरवायची. ती मुलगीही म्हणते, मुलगाही म्हणतो. ती समोरासमोर होते, कारण सांगावे लागत नाही, मध्यस्थ लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत डबा उघडेपर्यंत पुन्हा 'गट्टी' होऊ शकते. 'तू माझ्याशी कट्टी का घेतलीस' म्हणून कोणी कोणाच्या घरापुढे उभे राहत नाही. पुढे मोठेपणी नकाराची जी गुंतागुंत होते तिच्याशी ताडून पाहिले, तर पहिली-दुसरीतल्या मुलांनी हा व्यवहार फार स्वच्छ ठेवला आहे असेच म्हणावे लागेल.

गुंतागुंत सुरू होते ती साधारण सातवी-आठवीत. मुले आणि मुली वेगळ्या बाकांवर बसू लागतात आणि भाषाही वेगळी होते. मुली 'च'च्या भाषेत बोलू लागतात, 'मला'चे 'चलाम' करतात. मुलगे 'नाव लावून चिडवणे' हा उद्योग सुरू करतात. एखाद्याने वर्गातल्या एकीकडे दोनदा पाहिले की तिचे नाव त्याला लागते, आणि तिसऱ्या दिवशी त्याचे मित्र तिला आपसात 'वहिनी' म्हणू लागतात. हा 'वहिनी' शब्द या संग्रहातला सर्वांत निरागस वाटणारा आणि सर्वांत बोलका शब्द आहे. त्यात मित्राविषयी निष्ठा आहे: तुझे मन जिथे गेले तिथे आम्ही जाणार नाही. त्यात नाते जोडण्याची मराठी हौसही आहे. फक्त जिला हे नाते चिकटवले, तिला याची गंधवार्ता नसते. तिने होकार दिलेला नाही, नकार दिलेला नाही, तिला अजून कोणी काही विचारलेलेच नाही; तरी टोळक्यात तिचा सातबारा एकाच्या नावावर चढलेला असतो. पुढे तिने 'नाही' म्हटले तर ते टोळक्याला करारभंगासारखे वाटते, त्याचे मूळ इथे आहे.

टोळके जमायचे ते नाक्यावर, पारावर, टपरीवर, कट्ट्यावर. ही बोली साहित्यात आली तीही याच जागांवरून. भाऊ पाध्ये यांच्या १९६५ च्या 'वासूनाका'त मुंबईच्या नाक्यावरची रिकामटेकडी पोरे जशी बोलतात तशीच छापली गेली. पोक्या नावाच्या पोराच्या तोंडून आलेल्या त्या भाषेने मराठी वाचक हादरला, आणि आचार्य अत्र्यांसारख्या, स्वतः विनोदात भीड न बाळगणाऱ्या लेखकाने तिच्यावर अश्लीलतेचा ठपका ठेवला. त्याआधी दोनच वर्षे, १९६३ मध्ये, नेमाड्यांच्या 'कोसला'ने वसतिगृहातल्या मुलांची तुटक, टवाळ बोली कादंबरीची भाषा केली होती. सुहास शिरवळकरांच्या 'दुनियादारी'ने कॉलेजचा कट्टा हेच एक कुटुंब मानले. २०१३ मध्ये त्यावर चित्रपट आला तेव्हा मूळ कादंबरीच्या वेळी जन्मलेलीही नव्हती अशी मुले ती भाषा बोलू लागली. आणि मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'ने, २००४ मध्ये, आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या वर्गातली 'लाइन' कायमची नोंदवून ठेवली. ही चारही पुस्तके मोठी आहेत. चारहींत बोलणारा मुलगा आहे. या बोलीत मुलीच्या मनात काय चालले होते हे आपल्याला मुलाच्या अंदाजातूनच कळते.

हा अंदाज बोलीच्या व्याकरणात मुरलेला आहे. मुलगा लाइन 'मारतो', मुलगी लाइन 'देते'. मारण्याची क्रिया त्याची, देण्याची तिची, आणि तिने काही न करता नुसते समोर बघितले तरी तिने ती दिली असे ठरवण्याचा अधिकार पुन्हा त्याचाच. मुलगा 'पटवतो', मुलगी 'पटते'. विचार पटतो, सौदा पटतो, तशी मुलगी पटते. म्हणजे पुरेसा वेळ, पुरेसा जोर आणि पुरेशी चिकाटी लावली की पटणार, हे गृहीत धरलेलेच आहे. 'पटली नाही' याचा अर्थ या व्याकरणात तिने नाही म्हटले असा होत नाही, प्रयत्न कमी पडले असा होतो. तसाच 'भाव'. ती भाव 'देत नाही' इथपर्यंत ठीक होते, पण ती भाव 'खाते' म्हटले की तिच्या नकाराचे नखऱ्यात रूपांतर झाले. तिला नकोच आहे ही शक्यता शब्दानेच पुसून टाकली.

एवढे सांगितल्यावर या बोलीचे देणेही मान्य केले पाहिजे, नाहीतर तो एकतर्फी खटला होईल. नकाराच्या शब्दांचा उगम पाहिला तर तीन मोठी दुकाने दिसतात. पहिले बाजाराचे: भाव, माल, उधारी, बाजार उठला. दुसरे पत्त्यांचे: पत्ता कट झाला, हुकूम लागला, बदाम दिला. तिसरे क्रिकेटचे: फिल्डिंग लावली, क्लीन बोल्ड झाला, विकेट गेली. तिन्ही ठिकाणी हरणे हा खेळाचा भाग असतो, आणि हरलेला गडी पुढच्या डावाला पुन्हा बसतो. ज्या पोराने आठवडाभर बसस्टॉपवर फिल्डिंग लावली आणि ज्याला तिने सरळ विचारले की 'काही काम आहे का?', त्याचा पोपट झाला. कट्ट्यावर तो पोपट चारचौघांत सांगितला जातो, सगळे हसतात, तोही हसतो, कोणीतरी कटिंग मागवतो आणि प्रकरण तिथे संपते. दुःखाला साक्षीदार मिळाले की त्याचा किस्सा होतो. लाखो मराठी पोरांना या हास्याने सावरले आहे, आणि 'पोपट' हा शब्द त्या अर्थाने आपल्या बोलीतला एक मोठा उपकारकर्ता आहे. 'माझे वाटोळे झाले' म्हणणाऱ्याला सावरणे अवघड. 'माझा पोपट झाला' म्हणणारा निम्मा सावरलेला असतो.

मग मुली 'नाही' कसे म्हणत होत्या? बहुतेक वेळा त्या नाते बदलून म्हणत होत्या. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी फ्रेंडशिप डे आणि बहुतेकदा त्याच महिन्यात नारळी पौर्णिमेची राखी. १९९० नंतरच्या कॉलेजांत मनगटावर कोणता दोरा येतो यावर वर्षाचे भवितव्य ठरत असे. रंगीत बँड आला तर आशा, राखी आली तर खेळ खलास. राखीच्या आसपास तासाला दांडी मारणारे बहाद्दर प्रत्येक वर्गात होते. रोझ डेला लालऐवजी पिवळे गुलाब हातात पडणे ही त्याच नकाराची सौम्य आवृत्ती. आणि रोजच्या वापरासाठी 'दादा' होता. बसमध्ये, क्लासमध्ये, ग्रंथालयात कोणी फारच जवळ येऊ लागला की 'दादा, जरा सरकता का?' या एका वाक्यात सगळे येते. मुलींच्या या शोधाला दाद द्यावी तेवढी थोडी. पण तिला 'मला तू आवडत नाहीस' असे म्हणता येत नव्हते म्हणून तिने 'तू मला भावासारखा आहेस' असे म्हटले, ही त्यामागची वस्तुस्थिती आहे. नकाराला नात्याचे वस्त्र नेसवल्याशिवाय तो बाहेर पडू शकत नव्हता.

घरातली वडील माणसे वेगळे काय करत होती? कांदेपोह्यांचा कार्यक्रम हा तर नकाराचे सर्वांत शिष्टसंमत शास्त्र होते. 'पत्रिका जुळत नाही', 'योग नाही', 'नंतर कळवतो', 'मुलीला अजून शिकायचे आहे': या चार वाक्यांवर महाराष्ट्रात कित्येक पिढ्यांचे नकार पार पडले. मुलाला मुलगी सावळी वाटली, मुलाकडच्यांना हुंडा कमी वाटला, मुलीला मुलाचे बोलणे आवडले नाही, कारण काहीही असो, दोष शनी-मंगळाच्या माथी. ग्रह तक्रार करत नाहीत, त्यामुळे कोणाचा अपमान होत नसे. पण इथेही 'नाही' म्हणण्याचा पहिला मान मुलाकडच्यांचा, आणि मुलीची नापसंती असलीच तर ती वडिलांच्या पत्रातून, पत्रिकेच्या आडून जायची. म्हणजे कट्ट्यावरची पोरे आणि दिवाणखान्यातले काका यांच्या भाषेत जमीन-अस्मानाचे अंतर असले, तरी दोन्हीकडे मुलीचा नकार तिच्या स्वतःच्या तोंडून, स्वतःच्या शब्दांत येत नव्हता.

मुली नाकारल्या जात नव्हत्या असे नाही. पण मुलीने आधी विचारायची पद्धतच नसल्याने तिच्या वाट्याचा नकार प्रेम सुरू झाल्यानंतर यायचा, आणि म्हणून तिचे शब्द वेगळे आहेत: 'त्याने फिरवले', 'झुलवले', 'टाइमपास केला'. मुलाचा पोपट होतो, मुलीची फसवणूक होते. किस्सा करून चारचौघांत सांगायची सोय तिला नव्हती, कारण सांगितले तर बदनामी तिचीच. समलिंगी मैत्रीतल्या आणि प्रेमातल्या होकार-नकाराचे शब्द तर या बोलीत अजून जेमतेम उमटू लागले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये कलम ३७७ च्या कचाट्यातून सज्ञान व्यक्तींचे सहमतीचे संबंध मोकळे केले. त्याआधी नकाराची भीती बाजूलाच, विचारण्याचीच भीती होती.

मग फोन आला. २००३ साली मोबाइलवर येणारे कॉल फुकट झाले आणि 'मिस्ड कॉल' या बोलीची सुरुवात झाली. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे आठवण येते, तीन म्हणजे खाली ये. एकही पैसा न घालवता आख्खे प्रेम चालवणारी ती पिढी होती. पाठोपाठ एसएमएसची पाकिटे आली; नेमक्या सणावारी आणि नववर्षाला कंपन्या 'ब्लॅकआउट डे' लावून सवलत बंद करत, तेव्हा मनातले आदल्या दिवशी लिहून मोकळे व्हावे लागे. २०११ मध्ये ट्रायने जाहिरातबाजीला आळा घालण्यासाठी दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली, तेव्हा हळहळली ती कॉलेजची जनता.

जानेवारी २००४ मध्ये गुगलने ऑर्कुट सुरू केले, आणि ब्राझीलप्रमाणेच ते भारतानेही डोक्यावर घेतले. सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने बसून अनोळखी मुलीच्या स्क्रॅपबुकात एकच वाक्य टाकले जायचे: 'माझ्याशी फ्रेंडशिप करशील का?' मराठीत 'मैत्री' आणि 'फ्रेंडशिप' हे कधीच एका अर्थाचे शब्द नव्हते. मैत्री होते, फ्रेंडशिप मागतात आणि देतात. दोन मुलगे एकमेकांना फ्रेंडशिप विचारत नाहीत. फ्रेंडशिप ही प्रेमाच्या दाराची पहिली पायरी, आणि नाही म्हटले तर 'मी फक्त फ्रेंडशिपच मागितली होती' असे म्हणून मागे सरकायची सोय. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाले, पण मागण्याची ही रीत पुढे फेसबुकच्या 'रिक्वेस्ट टाकण्या'त आणि इन्स्टाग्रामच्या 'डीएम'मध्ये तशीच चालू राहिली.

व्हॉट्सअपने दोन गोष्टी केल्या. एक, गप्पा मारण्याचे निमित्त अगदी स्वस्त केले; २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर तर ते जवळपास फुकट झाले. या गप्पांत 'जे१ झालं का?' रूढ झाले. रोमन 'जे'पुढे एकाचा आकडा, तो इंग्रजीत वाचायचा, की झाले 'जेवण'. मराठी घरात काळजी दाखवायची ती जेवणाची चौकशी करूनच, आणि पोरांनी प्रेमाची सुरुवातही तिथूनच केली. या प्रश्नावर 'हो, तुझं?' आले तर गाडी पुढे गेली. 'हम्म' आले तर थांबली. 'हम्म' हे मराठी चॅटमधले सर्वांत छोटे आणि सर्वांत स्पष्ट उत्तर आहे, फक्त ते वाचता आले पाहिजे. दोन, नोव्हेंबर २०१४ मध्ये निळ्या टिका आल्या. आता पत्र पोचले नसेल, फोन लागला नसेल, या जुन्या समजुती काढता येईनात. तिने वाचले आहे आणि उत्तर दिलेले नाही, हे मिनिटासकट दिसू लागले. 'सीन करून सोडले' हा शब्दप्रयोग त्या निळ्या रंगाचा आहे. अनेकांनी मग टिकाच बंद करून ठेवल्या, 'लास्ट सीन' लपवले. उत्तर न देण्याची मोकळीक मिळवण्यासाठी माणसे तांत्रिक सेटिंग शिकली.

या काळात बाहेरचे शब्दही आले. 'फ्रेंडझोन' अमेरिकेतल्या 'फ्रेंड्स' या मालिकेच्या नोव्हेंबर १९९४ मधल्या एका भागातून जगभर गेला आणि आपल्याकडे 'राखी'च्या शेजारी येऊन बसला. खोटे रूप घेऊन जाळ्यात ओढण्याला 'कॅटफिश' हे नाव २०१० च्या त्याच नावाच्या माहितीपटाने दिले. आपल्याकडे या कामाला 'एंजल प्रिया' होतीच: गोड फोटो, गोड नाव, आणि पडद्याआड बहुधा आपल्याच वर्गातला कोणीतरी, मित्राचा पोपट करायला टपलेला. आज त्या गमतीची जागा खंडणी मागणाऱ्या टोळ्यांनी घेतली आहे आणि गोष्ट १९३० या सायबर हेल्पलाइनपर्यंत जाते. ऑक्सफर्डने २०२३ चा शब्द म्हणून निवडलेला 'रिझ', नात्याला नाव न देता चाललेली 'सिच्युएशनशिप', आणि उत्तर न देता अंतर्धान पावणारे 'घोस्टिंग' हे शब्द मराठी मुले मराठी क्रियापद लावून सर्रास वापरतात: 'त्यानं मला घोस्ट केलं.'

या सगळ्यांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो 'ब्लॉक'. मोठ्या माणसांना तो निर्दय वाटतो. बोलून सोडवायचे सोडून बटण दाबले, ही काय माणुसकी, असे विचारले जाते. पण लहानपणची 'कट्टी' सोडली तर मराठी बोलीत मला दिसलेला तो पहिला शब्द आहे, ज्यात मुलगी कर्ता आहे आणि नकार हे तिचे कृत्य आहे. लाइन मारायचा तो. ब्लॉक 'मारते' ती. त्यासाठी दादा म्हणावे लागत नाही, राखी लागत नाही, शनी-मंगळ लागत नाहीत, वडिलांचे पत्र लागत नाही. आणि त्याचा दुसरा अर्थ लावता येत नाही. भाव खाणारी मुलगी उद्या भाव देईल अशी आशा धरता येते. ब्लॉक करणारी मुलगी नखरे करतेय असे म्हणता येत नाही. घोस्टिंगचे तसे नाही. ते मौन आहे, आणि मौनाचा अर्थ लावणारा पुन्हा आपल्या सोयीचा अर्थ लावतो. म्हणून या संग्रहात दोन्ही शब्द वेगवेगळ्या विभागांत आहेत: घोस्ट 'टाळणे' या विभागात, ब्लॉक 'नाही म्हणणे' या विभागात. त्याच विभागात मुलींनी गेल्या काही वर्षांत रूढ केलेले 'रेड फ्लॅग', 'ग्रीन फ्लॅग', 'चिपकू', 'डोक्यात जातो' हेही आहेत. पारखण्याची भाषा पहिल्यांदाच दोन्ही बाजूंना मिळाली आहे.

फोनने घालवले ते साक्षीदार. पूर्वी पोपट चारचौघांत व्हायचा आणि चारचौघे तो हसून पचवायला मदत करायचे. आता तो रात्री दीड वाजता पांघरुणात होतो. सकाळी मित्रांना सांगण्यासारखा प्रसंगच नसतो. 'तिने डीपी दिसेनासा केला' यात किस्सा कसला? हसणारे नसले की दुःख आत राहते, आणि कधीकधी त्याचा राग होतो.

त्या रागाला वर्तमानपत्रांनी दिलेले नाव आहे 'एकतर्फी प्रेम'. १९९० मध्ये उल्हासनगरात एका विद्यार्थिनीला परीक्षेच्या केंद्रात जाळले गेले. २०२० च्या फेब्रुवारीत हिंगणघाटात एका तरुण प्राध्यापिकेला भररस्त्यात पेटवून दिले गेले. मधल्या तीस वर्षांत अशा बातम्यांचा शब्दसाठा बदलला नाही: 'एकतर्फी प्रेमातून', 'नकाराच्या रागातून', 'प्रेमभंगातून'. ज्यात दुसरी बाजूच नाही त्याला प्रेम म्हणणे आणि ज्या गुन्ह्याला आरोपी आहे त्याचे कारण 'नकार' असे छापणे, ही त्याच व्याकरणाची शेवटची पायरी आहे, ज्याची पहिली पायरी 'वहिनी' होती. कायद्याने तोवर भाषा बदलली. २०१३ च्या दुरुस्तीने पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा ठरला. स्त्रीने स्पष्ट अनिच्छा दाखवल्यावरही वारंवार संपर्क साधणे आणि तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणे त्यात येते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ७८ आहे. कट्टा ज्याला 'फिल्डिंग' म्हणतो, त्याच्या एका टप्प्यानंतर कायदा त्याला पाठलाग म्हणतो. तो टप्पा कोणता, हे तिच्या 'नाही'ने ठरते.

नकार देणारे दोघांतले कोणीच नाही, अशीही प्रेमे आहेत, आणि त्यांना विसरून ही बोली पुरी होत नाही. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१३) जब्याचे पत्र शालूपर्यंत पोचतच नाही. जात ही पत्रपेटीच्याही आधी उभी असते. 'सैराट'मध्ये (२०१६) तर पुढाकार आर्ची घेते, बुलेट तीच चालवते, होकार पुरा असतो, आणि नकार येतो तो घराण्याकडून. 'औकात', 'लायकी', 'आपल्यातली नाही' हे शब्द या संग्रहात घ्यावे की नाही यावर विचार करावा लागला. ते घेतले आहेत. गावाकडच्या पोराला 'भाव देत नाही' याचा अर्थ पुष्कळदा तिची मर्जी असा नसतो, तिच्या मागे उभी असलेली भावकी असा असतो.

संग्रहाच्या पद्धतीबद्दल थोडे. 'माल', 'आयटम', 'छावी', 'फटाका' हे शब्द गाळलेले नाहीत. ते कोण, कोणाबद्दल आणि कोणाच्या गैरहजेरीत वापरतो हे मात्र प्रत्येक नोंदीत दिले आहे. शिव्या फक्त तिथे आहेत जिथे त्या मैत्रीची खूण आहेत, कारण मराठी मित्र एकमेकांना आदराने बोलू लागले की काहीतरी बिनसले आहे हे सर्वांनाच कळते. अर्थ देताना शब्दाचा प्रांत सांगितला आहे. आणि शब्द कोणाच्या तोंडचा आहे यासाठी प्रत्येक नोंदीपुढे खूण आहे: विचारणाऱ्याचा, ऐकणाऱ्याचा, देणाऱ्याचा. तिसऱ्या खुणेच्या नोंदी सर्वांत कमी आहेत, हे वाचकाला चाळतानाच दिसेल.

बोलभाषेचा कोश छापून होईपर्यंत जुना होतो, तेव्हा हा पुरा असल्याचा दावा नाही. वाचकांना विनंती एकच आहे. यातला एखादा शब्द तुमच्याकडे वेगळ्या अर्थाने चालत असेल तर तो कळवाच. पण त्याहून आधी, तुमच्या घरात, वर्गात, वसतिगृहात, कार्यालयात मुली स्वतःच्या तोंडाने 'नाही' कशा म्हणतात ते शब्द कळवा. आणि मुलग्यांनी हा संग्रह 'भाव' या नोंदीपासून न वाचता 'नाही म्हणणे' या विभागापासून वाचावा. तो विभाग छोटा आहे. तो नीट ऐकून घेतला तर बाकीच्या पानांवर मनसोक्त हसायला कोणाचीच हरकत नाही.